थोरलीच्या शेपटीपर्यंत

"ताई, तुमचा आतापर्यंतचा सगळ्यात अवघड प्रवास कोणता?" असं मागच्या महिन्यात एका वाचक मुलीने विचारलं. तिला बहुतेक लडाख किंवा एखादं आफ्रिकेतलं जंगल अपेक्षित असावं. मी उत्तर टाळलं, कारण खरं उत्तर तिला थट्टा वाटली असती. सानपाडा ते पावणे, आणि दुसऱ्या दिवशी सानपाडा ते दिवाळे. एक जुनी स्कूटर, मागे बसलेले माझे वडील, आणि दोन्ही दिवस मिळून जेमतेम तीस किलोमीटर. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट आहे. फोटो एकही नाही, त्यामुळे या वेळी नुसतं वाचावं लागेल.

शुक्रवारी संध्याकाळी फोन वाजला. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, एका जुन्या सहकाऱ्याचा होता. अण्णा बराच वेळ नुसते हां-हां करत राहिले. मग म्हणाले, "शेपूट कुठं गेली म्हणालास?" कागदावर काहीतरी लिहून घेतलं, फोन ठेवला आणि मला म्हणाले, "नंदे, उद्या सुट्टी हाय ना तुला? स्कूटर काढ. पावण्याला जायचंय."

"पावण्याला काय आहे? कारखाने आणि चिखल."

"थोरलीची शेपूट हाय."

आता थोरली कोण ते सांगायला हवं. अण्णा मूळचे साताऱ्याकडचे, कोरेगावजवळच्या एका खेड्यातले. आयटीआय करून मुंबईला आले आणि एका विमान कंपनीच्या सांताक्रूझच्या हँगरमध्ये मेकॅनिक म्हणून चिकटले ते निवृत्त होईपर्यंत तिथेच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने जंबो विमानं घ्यायचं ठरवलं, तेव्हा शिकायला म्हणून जी माणसं अमेरिकेला पाठवली त्यात अण्णा होते. तिथल्या कारखान्यात त्यांनी पहिल्या जंबोचा सांगाडा पाहिला, पंख बसताना पाहिले, रंग चढताना पाहिला. आणि ती तयार झाल्यावर तिच्यातच बसून घरी आले. चारशे सीटा, त्यांच्यावर प्लॅस्टिकची आवरणं, आणि आत तीसेक माणसं. "कुठंही बसा म्हणाले, तर मला झोपच आली न्हाई," असं अण्णा सांगायचे. मुंबईत उतरल्यावर पुढच्या चाकापुढे नारळ फोडला. मागोमाग तिच्या बहिणी आल्या, पण पहिली आली ती थोरली. कंपनीने तिला दिलेलं कागदोपत्री नाव भारदस्त होतं, ते हँगरमध्ये कुणीच घेत नसे.

पंचवीसेक वर्षं थोरली उडाली. नवी जंबो आली, तिला दोनच वैमानिक पुरत आणि इंधनही कमी लागे, तेव्हा थोरलीचं लंडन-न्यूयॉर्क बंद झालं. मग ती आखातात जाऊ लागली. मग सीटा काढून माल वाहू लागली. मग एक दिवस ती हँगरमागे उभी केली ती केलीच. धाकट्या बहिणींना लागेल तसा एकेक भाग तिच्या अंगावरून काढायचे. इंजिनं काढल्यावर विमान शेपटीवर बसतं, म्हणून तिच्या पंखांना काँक्रीटचे ठोकळे टांगले होते. अण्णांनी नोकरीचं शेवटचं वर्ष ते ठोकळे बघत काढलं. घरी येऊन जेवताना गप्प बसायचे. आई म्हणायची, बाईमाणूस असतं तर मी सवत म्हटलं असतं.

म्हणून मला वाटलं, जुनी माया आहे, शेवटचं बघायचं असेल. तसं मी म्हटलंही. अण्णा म्हणाले, "माया हाय. पण त्यासाठी न्हाई जायचं. बस जरा."

आणि त्यांनी जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. आईला ठाऊक होतं, हे तिच्या भांडी लावायच्या आवाजावरून कळलं.

हँगरमध्ये प्रत्येक मेकॅनिकला एक पितळी टोकन असतं. रुपयापेक्षा मोठं, वर त्याचा नंबर कोरलेला. स्टोअरच्या खिडकीतून अवजार घ्यायचं तर आपलं टोकन द्यायचं. अवजाराच्या जागी, फळीवरच्या त्याच हुकावर ते टोकन लटकतं. अवजार परत आलं की टोकन परत. पाळी संपताना फळीवर एक जरी टोकन दिसलं तरी विमान हलत नाही, कारण अवजार विमानात राहिलं असेल तर पुढे काय होईल सांगता येत नाही. नियम म्हणजे नियम. पण खिडकीवर रांग लागायची, म्हणून जोडीने काम करणारे दोघं मिळून एकाच्याच टोकनवर सगळी अवजारं घेत. आज तुझं, उद्या माझं. सगळेच करायचे आणि साहेब लोक बघून न बघितल्यासारखं करायचे.

अण्णांचा जोडीदार होता कमळाकर, दिवाळ्याचा कोळी. लग्नात एकमेकांकडे जेवून आलेले. एकदा थोरलीच्या मोठ्या तपासणीत अण्णा तिच्या पोटात, मागच्या फरशीखाली शिरले होते आणि कमळाकर बाहेर शिडीवर उभा राहून लागेल ते हातात देत होता. त्या दिवशी टोकन कमळाकरचं होतं. पाळी संपली आणि एक आरसा कमी आला. दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा, लांब दांडीचा, कोपऱ्यातलं बघायला वापरायचा आरसा. कमळाकर म्हणाला, सदाशिवने, म्हणजे अण्णांनी, मला तो परत दिलाच नाही. अण्णा म्हणाले, मी तुझ्या हातात दिला. दोन दिवस थोरलीचं पोट उघडून शोधाशोध झाली. आरसा नाही. विमान अडकून पडलं होतं, वरून विचारणा होत होती. शेवटी असं ठरलं की आरसा विमानात नाही, म्हणजे बाहेर गेला. बाहेर गेला म्हणजे कुणीतरी नेला. फळीवर टोकन कमळाकरचं. चौकशीत अण्णांना विचारलं, तुम्ही आरसा याच्या हातात दिला का? अण्णा हो म्हणाले. चोरीचा ठपका ठेवून कमळाकरला काढलं आणि थोरली उडाली.

"तुम्ही खोटं बोललात?" मी विचारलं.

"त्या दिवशी न्हाई. त्या दिवशी मला शंभर टक्के वाटत होतं, दिला म्हणून. मग महिन्याभरानं वाटायला लागलं, दिला का खरंच? आठवंना. मग आठवायचंच बंद केलं. तुम्ही लहान होता. क्वार्टर नुकतं मिळालं होतं." ते थांबले. "थोरलीच्या पोटात मी एकटा शिरलो होतो. कमळाकर बाहेरच होता. आरसा जर आतनं निघाला, तर तो माझ्याच हातनं पडला. दुसरा कोण न्हाई."

त्यानंतरच्या प्रत्येक मोठ्या तपासणीत त्यांनी काहीतरी निमित्त काढून ती जागा पाहिली होती. काही निघालं नव्हतं. आता थोरलीचे तुकडे होऊन विकले गेले होते आणि मागचा भाग पावण्याच्या एका भंगारवाल्याने घेतला होता. उशीर करून चालणार नव्हतं. आठवडाभरात ते वितळवणार होते.

शनिवार: पावणे

सानपाड्याहून निघून तुर्भे नाक्यावरून ठाणे-बेलापूर रस्ता धरला. त्या काळी त्या रस्त्यावर खड्डे चुकवायचे नसत, त्यातला सोसवेल तो निवडायचा असे. दोन्ही बाजूंना ट्रक, वर केमिकलचा वास, आणि अण्णा मागून एकच सांगत होते, "सावकाश." मी सावकाशच चालवत होते. कुणाला तिथं आज जायचं असेल तर रस्ता उत्तम आहे, वर उड्डाणपूल आहेत, ट्रक मात्र तेच. तुर्भे किंवा कोपरखैरणे स्टेशनवरून रिक्षा मिळते. शनिवारी दुपारच्या आत जा, नंतर निम्मी शटर्स खाली येतात.

पावणे गावाच्या पुढे, इंडस्ट्रियल एरियात एका कुंपणाच्या आत ती पडली होती. कुंपणापेक्षा उंच. मी आयुष्यात विमानात बसले नव्हते तोपर्यंत, आणि इतक्या जवळून पहिलं विमान पाहिलं ते असं, अर्धं कापलेलं. वर उभं शेपूट, त्यावरचा रंग खरवडून कंपनीचं चिन्ह पुसलेलं. खिडक्यांच्या जागी भोकं. त्यातून आतली पिवळट हिरवी पत्र्याची कातडी दिसत होती. शेजारी दोन कामगार शेपटीच्या आडव्या पंखाचा तुकडा करवतीने कापत होते, त्याचा आवाज दातात जात होता. अण्णांनी चप्पल काढली. मी म्हटलं, अण्णा, पायात काहीतरी घुसेल. त्यांनी पुन्हा घातली.

भंगारवाला म्हणजे पाटीलशेठ. पावण्याचाच, पन्नाशीचा, पांढरा शर्ट आणि गळ्यात जाड साखळी. अण्णांकडे एकदा आणि माझ्या स्कूटरकडे एकदा बघून म्हणाला, "काय काका, पायलट व्हतात काय?"

"मेकॅनिक. हिला आणायला गेलो होतो अमेरिकेला."

"मंग तुमचीच हाय ती. बघा, कवा पन बघा." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आमची भाताची शेती व्हती हितं. जिथं शेपटी पडलीय ना, तिथं आमचं मोठं खाचर. बापूस बोलायचा, हितं सोनं पिकंल. आता बघा काय पिकतंय." तो हसला, पण शेपटीकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता.

शेपटीच्या आत एक मोठी गोल भिंत असते, परात उभी करून ठेवावी तशी. प्रवाशांची हवा इथे संपते, तिच्या पलीकडे बाहेरची. अण्णांनी बॅटरी घेतली आणि खालच्या मोडक्या फरशीतून आत शिरले. साठीचा माणूस, गुडघे दुखणारा. मी मागे उभी राहून त्यांचे पाय बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी हातानेच बाहेर कचरा काढायला सुरुवात केली. धूळ आणि लोकरीच्या गुठळ्या, त्यात वस्तू. नाणी, कुठकुठल्या देशांची. पेनाची टोपणं. मुलांच्या बुटाची एक चकाकती पट्टी. चमचा. एका कानातला मोत्याचा डूल. पंचवीस वर्षांत लोकांच्या हातातून जे पडलं ते फरशीच्या फटींतून खाली गेलं होतं. विमान वर चढतं तेव्हा नाक वर, शेपूट खाली. दर उड्डाणाला सगळं थोडं थोडं मागे सरकत या भिंतीशी येऊन थांबलं होतं.

मग अण्णांच्या पायांची हालचाल थांबली.

मी हाक मारली. ते बाहेर आले तेव्हा हातात ती दांडी होती. काच आंधळी झालेली, एक कोपरा उडालेला, मधला सांधा गंजून घट्ट. दांडीवर नंबर कोरलेला होता, तो त्यांनी वाचलाच नाही. नुसता अंगठा फिरवला आणि आकडा तोंडपाठ म्हटला. मी बघितलं, तोच होता.

ते तिथल्याच एका टायरवर बसले. "पडला तिथं शोधला मी," ते म्हणाले. "दर वेळी तिथंच. तीस फूट मागं बघायचं ध्यानातच न्हाई आलं. मेकॅनिक म्हणायचं मला."

पाटीलशेठ जवळ येऊन वाकून बघत म्हणाला, "सोन्याचा हाय का काय?" मग त्याने अण्णांचं तोंड पाहिलं आणि तो स्वतःच आत जाऊन पाणी घेऊन आला. आरशाबद्दल पुन्हा काही विचारलं नाही. निघताना म्हणाला, "न्या, न्या. मना काय करायचाय."

गेटाबाहेर एका टपरीवर मी उसळ-पाव मागवला. झणझणीत होता, भूक लागली होती म्हणून मी खाल्ला आणि नंतर खाल्ल्याची लाज वाटली. अण्णांनी चहासुद्धा अर्धा ठेवला. मला वाटलं होतं आम्ही तिथूनच दिवाळ्याला जाऊ. पण ते म्हणाले, "उद्या." एवढी वर्षं तिकडे न गेलेला माणूस एका दुपारीत जात नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. मी चिडलेच होते.

घरी त्यांनी आरसा रॉकेलमध्ये ठेवला, पुसला, सांध्याला तेल दिलं. आई स्वयंपाकघरातून बघत होती. शेवटी म्हणाली, "दर आठवड्याला बाजारात दिवाळ्याच्या बायकांकडून बोंबील घेते मी. कितीदा म्हटलं, विचारते एकदा, कमळाकरभावजींचं घर कुठलं. तुम्हीच नको म्हणालात."

"आता जातोय ना."

"हो, आता." आईने एवढंच म्हटलं आणि खाली जाऊन पेढ्यांचा पुडा आणला. रिकाम्या हाताने जायचं नाही, आणि शेवटी बातमी चांगलीच होती, असं तिला वाटलं. मलाही वाटलं.

रविवार: दिवाळे

जुईनगर, नेरूळ मागे टाकत, उरण फाट्याखालून बेलापूरला, आणि तिथून खाडीकडे वळलं की दिवाळे. माझ्या स्कूटरला वीस मिनिटं लागली. हे मुद्दाम सांगते आहे. आम्ही सानपाड्याला राहायला येऊन सहा वर्षं झाली होती.

गाव लगेच वासाने कळतं. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले, जाळी पसरलेली, जेटीला होड्या लागलेल्या, आणि टोपल्या घेऊन बसलेल्या बायका रविवारच्या गिऱ्हाइकांशी भांडत होत्या. ताजी मासळी हवी असेल तर अजूनही इथे सकाळी यावं, भरतीची वेळ विचारून. घासाघीस जरूर करा, पण टोपलीतल्या माशाला उगाच बोट लावू नका, फार बोलणी बसतात. तेव्हा मला बसली.

अण्णांच्या शर्टाच्या एका खिशात आरसा होता. दुसऱ्या खिशात काय आहे ते मला माहीत नव्हतं. एका कोळणीला त्यांनी विचारलं, "कमळाकरचं घर कुठलं?"

"कंचा कमलाकर? हितं चार हायत."

"हँगरमध्ये होता तो."

"इमानवाला?" तिने हातातला कोयता खाली ठेवला. "त्या निल्या दाराचं घर. जा, हिराबाय हाय घरात."

वीस वर्षांनंतरही गाव त्याला विमानवालाच म्हणत होतं. अण्णांनी ते ऐकलं आणि चालता चालता जरा थांबले. मग आम्ही गेलो.

निळं दार उघडंच होतं. समोरच्याच भिंतीवर फोटो होता, त्याला हार. मी कमळाकरला कधी पाहिलं नव्हतं. मी अण्णांकडे पाहिलं आणि मला कळलं. पेढ्यांचा पुडा माझ्या हातात होता. तो कुठे ठेवावा हे मला सुचेना, म्हणून मी तो पाठीमागे धरला.

आतून एक सडसडीत बाई आली. केस पांढरे, नऊवारी नेसलेली, पदर खोचलेला. तिने अण्णांकडे क्षणभर बघितलं. "सदाशिवभावजी ना तुमी? वलखलं मी. बसा, पानी देते."

अण्णा बसले नाहीत. "कधी गेला, वहिनी?"

"गेल्या शिमग्याला. तापाचं निमित्त झालं." तिने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. "झालं आता वरीस."

अण्णांनी खिशातून आरसा काढला आणि दोन्ही हातांवर ठेवून तिच्यापुढे धरला. काय सांगायचं ते त्यांनी स्कूटरवर मागे बसून जुळवलं असणार, मला ओठांची हालचाल हँडलवरच्या आरशातून दिसत होती. आता त्यातलं एकही वाक्य आलं नाही. "विमानातच होता," ते म्हणाले. "माझ्याच हातनं पडला होता. कमळाकर खरं बोलत होता."

हिराबाईने आरशाला हात लावला नाही. ती जमिनीवर बसली आणि बोलू लागली, आम्हाला सांगितल्यासारखं कमी आणि भिंतीला सांगितल्यासारखं जास्त. नोकरी गेल्यावर तो भावाच्या होडीवर जायला लागला. मग गावातल्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करू लागला. हात चांगला होता, पार उरणपुढच्या करंज्याहून माणसं यायची. "पन रोज सांजच्याला गोनपाट अंथरायचा आनि सगली अवजारं मांडून मोजायची. पान्हे, पक्कड, समदं. मंग बोलायचे, एक कमी हाय. मी बोलायची, अवो नाय कमी, मीच मोजली. तरी परत मोजायचे. वीस वर्सं, भावजी. रोज एक कमी."

बाहेर कुणीतरी होडीचं इंजिन चालू केलं. ते बंद होईपर्यंत ती थांबली.

"पयल्यांदा लय भांडायचे. मी नाय घेतला, सदाशिव येल आनि सांगल, बोलायचे. मंग भांडायचं बंद झालं. आनि शेवटी तापात मना बोलले, हिरा, माजाच हात असंल गो. मीच कुठंतरी पाडला असंल. सदाशिव कशाला खोटं बोलंल?"

अण्णा खाली बसले. मी त्यांना रडताना आजोबा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. त्यांना आवाज आवरता येईना. मला काय करावं कळत नव्हतं आणि मी मूर्खासारखी पुडा पाठीमागे धरून उभी होते. "एक वर्ष," ते म्हणत होते, "एक वर्ष आधी ती शेपूट कापली असती..."

हिराबाई म्हणाली, "आरसा नसता गावला, तरी यायला पायजे व्हतं तुमी."

ती रागाने नाही बोलली. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. ती फक्त खरं ते बोलली.

अण्णांनी डोळे पुसले, दुसऱ्या खिशात हात घातला आणि एक पितळी टोकन काढलं. कमळाकरचं. नियमाप्रमाणे अवजार परत येईपर्यंत टोकन फळीवरून काढायचं नसतं. म्हणून कमळाकरला काढलं, वर्षांवर वर्षं गेली, तरी आरशाच्या मोकळ्या जागेवर ते लटकतच होतं, आणि अण्णा रोज सकाळी खिडकीवर जाऊन ते बघत होते. निवृत्त व्हायच्या सुमारास स्टोअरची पद्धत बदलली, जुनी फळी निघाली, तेव्हा ते त्यांनी मागून घेतलं होतं. "आरसा मिळाला," ते म्हणाले. "आता हे त्याला परत."

हे मात्र तिने घेतलं. पदराने पुसलं, नंबरावरून बोट फिरवलं. उठून फोटोच्या चौकटीत, काचेच्या आणि लाकडाच्या फटीत नीट खोचलं. 

"आरसाही ठेवा, वहिनी."

"तो मना नको. तुमचा हाय तो. तुमीच न्या."

अण्णांनी आरसा परत खिशात ठेवला. मग त्यांनी पाकीट उघडलं आणि त्यातून आणखी एक टोकन काढलं. त्यांचं स्वतःचं. ते आठवण म्हणून त्यांनी ठेवून घेतलं होतं, आम्हाला हातही लावू देत नसत. "मग हे इथं लावा," ते म्हणाले. "आरसा ज्याच्याकडं, टोकन त्याचं लागतं. तेव्हाच लागायला पाहिजे होतं."

तिला नियम ठाऊक होता. वीस वर्षं तिने दुसरं ऐकलंच काय होतं? दाराच्या मागे एक खिळा होता, त्यावर कमळाकरची जुनी टोपी अडकवलेली. तिने टोपी काढून हातात घेतली आणि खिळ्यावर अण्णांचं टोकन लावलं. "चला, बसा आता," ती म्हणाली. "भात टाकते."

आम्ही जेवलो. बोंबलाचं कालवण आणि भात. चव मला आठवत नाही, आणि या ब्लॉगवर मी हे वाक्य पहिल्यांदाच लिहिते आहे. पेढ्यांचा पुडा तसाच स्कूटरच्या डिकीत परत आला. आईने काही न विचारता तो शेजारी देऊन टाकला.

घरी

अण्णा त्यानंतर नऊ वर्षं जगले. दर शिमग्याला ते दिवाळ्याला जात, आधी माझ्या मागे बसून, नंतर रिक्षाने. तिथे काय बोलत ते मला सांगत नसत. आरसा त्यांनी कपाटात ठेवला नाही. दाढीच्या आरशाशेजारी खिळ्यावर अडकवला, जिथे रोज सकाळी दिसेल तिथे. त्यात काही दिसत नाही, काच आंधळीच आहे. थोरलीच्या बहिणीही त्या पाच-सहा वर्षांत एकेक करून भंगारात गेल्या. अण्णा एकीलाही बघायला गेले नाहीत.

मी नंतर पुष्कळ फिरले. विमानात मला मागची सीट मिळाली की लोक माझी कीव करतात, पण मी ती मागून घेते. विमान नाक वर करून चढायला लागलं की पायाखाली काहीतरी हळूच मागे सरकत असेल, असं मला दर वेळी वाटतं. कुणाचा डूल, कुणाचं नाणं.

दिवाळ्याला अजून जाता येतं. बेलापूर किंवा सीवूड्सवरून रिक्षा मिळते, जेटी आता मोठी झाली आहे, आणि खाडीपलीकडे नवा विमानतळ उभा राहिला आहे. हिराबाई आता खूप थकल्यात, ऐकू कमी येतं. अण्णा गेल्यावर मी आरसा घेऊन तिकडे गेले होते. म्हटलं, आरसा परत करते, टोकन देता का, वडिलांची आठवण म्हणून. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. म्हणाल्या, "तुज्या बापसानं सांगितलंय, काडायचं नाय. मी गेलो तरी राहू द्या, बोलले."

मी आरसा पर्समध्ये ठेवला आणि रिक्षाने सानपाड्याला परत आले. तो माझ्याकडे आहे. म्हणजे अण्णांचं टोकन दिवाळ्यात, निळ्या दारामागच्या त्या खिळ्यावर आहे. ते तिथेच असलं पाहिजे.